फाइल पुसली, पण माग राहतो का? काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्या दारव्ह्याच्या दुकानात नेहमी येतात. विचारणारे बहुतेक सेतू आणि ई-सेवा केंद्रवाले, ग्रामपंचायतीचे ऑपरेटर, एखाद-दुसरा फोटो स्टुडिओवाला. प्रश्न ज्या भाषेत आले त्याच भाषेत ठेवले आहेत. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहेत, कारण इकडं तेच चालतं.

डिलीट मारली, रिसायकल बिनबी रिकामा केला. आता तं गेली ना?

नाही गेली. सातबाऱ्यावरून जुन्या खातेदाराचं नाव कमी करताना ते खोडत नाहीत, कंसात टाकतात. कंसातल्या नावाला हक्क उरत नाही, पण ते वाचता येतं. विंडोजचंही असंच आहे. प्रत्येक ड्राइव्हवर सगळ्या फाइलींचा एक मुख्य तक्ता असतो. डिलीट मारलं की तक्त्यातल्या त्या नोंदीवर 'जागा मोकळी' एवढीच खूण होते. मजकूर जिथं होता तिथंच पडून राहतो, दुसरी एखादी फाइल त्यावर येऊन बसेपर्यंत. साध्या हार्ड डिस्कवरून अशी फाइल फुकटातलं रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा उचलून आणतं.

शिफ्ट धरून डिलीट मारलं तर फक्त बिनमधला मुक्काम टळतो. आणि बिनमध्ये गेलेल्या प्रत्येक फाइलमागे विंडोज एक छोटी चिठ्ठी बनवतं: मूळ फोल्डर कोणता, आकार किती, कधी डिलीट केली. बिन रिकामा केला की ही चिठ्ठीही तशीच 'मोकळी' होते, म्हणजे तीही सापडू शकते.

इरेजरनं पुसली तं? यूट्यूबवाला पस्तीस वेळा पुसा म्हणते.

इरेजर म्हणजे फाइलच्या मजकुरावर दुसरंच काही लिहून ती पुसणारं सॉफ्टवेअर. त्या पस्तीसचा उगम १९९६ सालचा आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या पीटर गुटमन यांनी त्या काळच्या वेगवेगळ्या डिस्कसाठी ३५ नमुने सुचवले होते. सगळे नमुने एकाच डिस्कवर चालवायची गरज तेव्हाही नव्हती, आणि आजच्या डिस्कवर ते करण्यात अर्थ नाही, हे पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं. आजच्या हार्ड डिस्कवर मजकुराच्या जागी एकदा दुसरं काही लिहिलं की जुना मजकूर संपला. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची डेटा पुसण्याबाबतची मार्गदर्शिकाही साध्या डिस्कसाठी एकच फेरी पुरेशी मानते. पस्तीस फेऱ्यांत मशीन रात्रभर गुंतून पडेल, मध्येच लाइन गेली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि पदरात जास्तीचं काही पडणार नाही.

मजकूर पुसल्या गेला तं मंग माग कशाचा राहते?

गोम इथंच आहे. तुम्ही पुसता ती एक फाइल. ती बनवताना, उघडताना, छापताना विंडोजनं आपल्या सोयीसाठी तिच्याबद्दल ठिकठिकाणी टिपून ठेवलेलं असतं. त्यातल्या बहुतेक जागांना पुसणारं सॉफ्टवेअर हात लावत नाही.

पहिली गोष्ट नावाची. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात एसडिलीट नावाचं फुकट हत्यार आहे. मजकुरावर लिहून झालं की ते नावाचाही बंदोबस्त करतं. फाइलचं नाव २६ वेळा बदलतं, आधी सगळी अक्षरं ए, मग सगळी बी, असं करत झेडपर्यंत, आणि मग डिलीट. युक्ती चांगली आहे. पण विंडोजच्या ड्राइव्हवर कोणत्या फाइलचं काय झालं याची एक रोजकीर्द चालू असते, तिला यूएसएन जर्नल म्हणतात.

एका ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरला हे पटेना, म्हणून काउंटरवरच्या मशीनवर करून दाखवलं. डेस्कटॉपवर इंग्रजी अक्षरांत 'घरकुल यादी' नावाची फाइल केली. एसडिलीटनं पुसली. मग ॲडमिनच्या काळ्या खिडकीत विंडोजचीच एफएसयूटिल ही आज्ञा देऊन जर्नल नोटपॅडमध्ये काढलं आणि थेट तळाशी गेलो. आधी 'घरकुल यादी', पुढं शेरा: नाव बदललं. त्याखाली ए ए ए ए. त्याखाली बी बी बी बी. शेवटी झेडची रांग आणि 'फाइल डिलीट'. प्रत्येक ओळीला तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ. भाऊ म्हणाला, "हे तं पुसलं नाई, पंचनामा केला." सातबारा कोरा, पण फेरफाराची नोंद जागेवर, असाच हा प्रकार. जर्नलला जागा मर्यादित असते, त्यामुळे जुन्या नोंदी हळूहळू गळून जातात. पण त्या कधी गळतील ते तुमच्या हातात नाही.

फोटोवाल्यांनी लघुचित्रांकडं बघावं. फोल्डरमध्ये फोटो छोटे-छोटे दिसतात ना, त्या छोट्या प्रती विंडोज एका वेगळ्या साठ्यात जमा करून ठेवतं. मूळ फोटो कितीही कसून पुसा, साठ्यातली प्रत राहू शकते, आणि चेहरा ओळखू येण्याइतकी ती मोठी असते. एखाद्या घरचा साखरपुडा मोडला आणि त्यांनी "आमच्या पोरीचे फोटो काढून टाका" म्हटलं, तर नुसतं फोल्डर पुसून 'काढले' म्हणू नका. डिस्क क्लीनअपमध्ये लघुचित्रांवर खूण करून तोही साठा काढा, आणि रिकामी जागा पुसायचा उपाय पुढं दिला आहे तो चालवा.

मग 'अलीकडच्या फाइली'. कोणतीही फाइल उघडली की तिच्याकडं जाणारा एक शॉर्टकट विंडोज गुपचूप बनवतं. त्यात नाव, पत्ता, तारखा, ड्राइव्हचा क्रमांक असं सगळं असतं. टास्कबारवरच्या वर्ड-एक्सेलच्या चिन्हावर उजवं क्लिक केलं की जी यादी वर येते तिचाही वेगळा साठा आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंगं ठेवतं त्या साठ्यात, तुम्ही कोणकोणते फोल्डर उघडले त्याच्या खुणा असतात, पेनड्राइव्हवरच्या फोल्डरांसकट. फोल्डरचं नाव 'जुनी बिलं खोटी सही' असं ठेवलं असेल तर आतली फाइल सापडली काय नि न सापडली काय.

वर्डचंही बघा. लाइन गेली आणि आली की वर्ड अर्धवट राहिलेलं पत्र काढून समोर ठेवतं आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. ते पत्र येतं कुठून? वर्ड दर १० मिनिटांनी बाजूला एक प्रत ठेवत असतं. काम झालं की ती प्रत डिलीट होते, पण साध्या पद्धतीनं, म्हणजे कंसात. तुम्ही इरेजर चालवलं ते मूळ फाइलवर. या बाजूच्या प्रतींवर कोणी चालवलं?

शिवाय रॅम अपुरी पडली की तिच्यातला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइल नावाच्या फाइलमध्ये उतरतो. मशीन हायबरनेट केलं तर अख्ख्या रॅमची प्रत डिस्कवर जाते. सिस्टम रिस्टोअर चालू असेल तर जुन्या तारखेच्या प्रतीत तुमची फाइल सापडू शकते. आणि विंडोजचा सर्च फाइलीतले शब्द आपल्या सूचीत उतरवून ठेवतो.

काऊन ठेवते हे सारं? आपल्यावर नजर ठेवाले?

मुख्यतः सोयीसाठी आणि वेगासाठी. जर्नलमुळं बॅकअपला काय बदललं ते लगेच कळतं, लघुचित्रांमुळं फोल्डर पटकन उघडतो.

'सारं साफ' करणारं क्लीनर मारलं तं?

थोडाफार उपयोग होतो. ब्राउझरचा इतिहास, लघुचित्रं, अलीकडच्या फाइलींची यादी, एवढं जातं. पण जातं म्हणजे पुन्हा साधं डिलीटच असू शकतं. आणि क्लीनर चालवल्याचीच नोंद राहते. विंडोज प्रीफेच नावाच्या फोल्डरात कोणता प्रोग्राम चालला, किती वेळा, आणि शेवटच्या ८ वेळा कधी चालला हे टिपतं. म्हणजे तुमची फाइल नाही सापडली तरी 'मंगळवारी रात्री अकरा वाजता इरेजर चालवलं' हे सापडतं. विंडोजमधली रिकामी जागा पुसणारी सायफरची आज्ञासुद्धा काम करताना ईएफएसटीएमपीडब्ल्यूपी नावाचा फोल्डर बनवते. तपासणारी माणसं ते नाव बघून ओळखतात.

तरी त्या सायफरला मी नावं ठेवणार नाही. मशीन दुसऱ्याला वापरायला द्यायचं असेल, तर आधी फालतू फाइली डिलीट करा, रिस्टोअर पॉइंट काढा, आणि मग सी आणि डी दोन्ही ड्राइव्हवर सायफरनं रिकामी जागा पुसा. हार्ड डिस्कवर आधी कधीतरी डिलीट केलेला मजकूर त्यात बऱ्यापैकी निघून जातो. मशीन संध्याकाळी लावून ठेवा, वेळ लागतो. 'एक क्लिक, शून्य पुरावा' असं लिहिलेलं सॉफ्टवेअर मात्र पैसे देऊन घेऊ नका.

केंद्रावर लोकायचे आधार राहते. ते कसं पुसावं?

पुसण्यापेक्षा ते कमी ठिकाणी ठेवणं महत्त्वाचं. एका आधारच्या मशीनवर किती प्रती होतात ते मोजून बघा. काकाजींनी व्हॉट्सॲपवर पाठवलं ती एक. व्हॉट्सॲप वेबवरून सेव्ह केलं ती डाउनलोडमध्ये दुसरी. पोर्टलला आकार मोठा चालत नाही म्हणून लहान केलं ती तिसरी. लहान करायला फुकटच्या वेबसाइटवर चढवलं असेल तर चौथी कुणाच्या सर्व्हरवर गेली देव जाणे. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला, नाहीतर २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे फॉर्म भरताना जी झुंबड होती, तशा गर्दीत हे सगळं तसंच पडून राहतं.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. गावात कुणाचं नाव नि वय कुणाला माहीत नाही? मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयानं एक सूचना काढली होती: सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार डाउनलोड करू नका, केलंच तर सगळ्या प्रती कायमच्या डिलीट करा. गैरसमज पसरू नये म्हणून केंद्र सरकारनं दोन दिवसांत ती मागे घेतली, पण प्रती पुसण्याबद्दलचा सल्ला चुकीचा नव्हता. जिथं चालत असेल तिथं फक्त शेवटचे ४ अंक दाखवणारं मास्क्ड आधार घ्या. ते मागे राहिलं तरी नुकसान कमी.

आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच म्हणतो, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसावी. कायद्यानं ठेवणं भाग असेल तेवढीच ठेवावी.

व्हॉट्सॲपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तं कॉम्प्युटरातूनबी जाते का?

चॅटमधून जातं. तुम्ही डाउनलोडमध्ये सेव्ह केलेली प्रत जात नाही. मोबाइलच्या बॅकअपमध्ये आधीच गेलेलं असेल तर तिथंही ते पुढचा बॅकअप होईपर्यंत असू शकतं. गूगल फोटोजवर चढलेला फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस ट्रॅशमध्ये बसतो. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर बरेचदा वनड्राइव्हशी जोडलेले असतात. लॅपटॉपवर तुम्ही इरेजर फिरवता आणि ऑनलाइन प्रत ३० दिवसांसाठी तिथल्या रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. घड्याळाशेजारी ढगाचं निळं चिन्ह आहे का बघा; ते असेल तर आधी वनड्राइव्हच्या वेबसाइटवर जाऊन तिकडचा बिन रिकामा करा.

माह्या मशीनले एसएसडी हाये. त्यात फरक पडते?

पडतो, आणि दोन्ही बाजूंनी पडतो. एसएसडी म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यातले कप्पे ठरावीक वेळाच लिहिता येतात. म्हणून आतला कंट्रोलर लिखाण सगळीकडं वाटून टाकतो. तुम्ही 'याच फाइलवर लिही' म्हटलं तरी तो नव्या कप्प्यात लिहितो आणि जुना मजकूर जुन्या कप्प्यात तसाच राहतो. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे चिप काढून तपासलं. एकेक फाइल पुसण्याच्या सगळ्या पद्धती एसएसडीवर नापास झाल्या. फाइलीचा ४ ते ७५ टक्के मजकूर मागे राहिला होता.

दुसरी बाजू ट्रिमची. विंडोज डिलीटनंतर एसएसडीला कळवतं की हे कप्पे आता लागत नाहीत. मग साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरला तिथं सहसा शून्यच दिसतात. म्हणून चुकून डिलीट झालेलं लग्न एसएसडीवरून परत आणून द्या म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा 'नाही' सांगावं लागतं. पुसणाऱ्यालाही खात्री नाही आणि परत मागणाऱ्यालाही नाही, असं हे जनावर आहे. पूर्ण एसएसडी पुसायची तर कंपनीच्या टूलमधलं किंवा बायोसमधलं 'सिक्युअर इरेज' वापरा. एकेका फाइलवर इरेजर चालवून फक्त एसएसडीचं आयुष्य कमी होतं.

अन् पेनड्राइव्ह?

तीही चिपच, पण ट्रिम सहसा नसतो, म्हणजे दोन्हीकडून वाईट. त्याच संशोधनात पेनड्राइव्हवर ०.५७ ते ८४.९ टक्के मजकूर उरला होता. पेनड्राइव्हवर बरेचदा असणाऱ्या फॅट-३२ या मांडणीत तर डिलीट म्हणजे तक्त्यात नावाचं फक्त पहिलं अक्षर बदलतं, बाकी नाव जसंच्या तसं. आणि पेनड्राइव्ह ज्या मशीनला लावली तिथं तिचा अनुक्रमांक आणि पहिल्यांदा लावल्याची वेळ नोंदली जाते. पेनड्राइव्ह विहिरीत टाकली तरी ती नोंद मशीनमध्ये आहे.

झेरॉक्स मशीनमध्ये राहते म्हणते, खरं का?

टेबलावरच्या छोट्या प्रिंटरमध्ये सहसा डिस्क नसते. ऑफिसमधून निघालेली मोठी मल्टिफंक्शन मशीन सेकंडहँड घेतली असेल तर तिच्यात हार्ड डिस्क असू शकते, आणि छापलेलं-स्कॅन केलेलं तीत साठू शकतं. अमेरिकेत २०१० साली सीबीएस वाहिनीनं जुनी कॉपिअर विकत घेऊन आतून दवाखान्याची आणि पोलिसांची कागदपत्रं काढून दाखवली. त्यातल्या एका मशीनपायी अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेला २०१३ मध्ये १२ लाखांहून अधिक डॉलर भरावे लागले. कॉम्प्युटरच्या बाजूनं बघायचं तर छपाई अडकली की ते पान स्पूल फोल्डरात फाइल होऊन थांबतं. कागद अडकलेल्या दिवशी तो फोल्डर एकदा बघून घ्या.

नवं विंडोज मारलं, फॉर्मॅटबी केलं. आता तं विकू शकतो ना?

क्विक फॉर्मॅट असेल तर नाही. तो फक्त तक्ता नवा करतो. पूर्ण फॉर्मॅट विंडोज व्हिस्टापासून सगळ्या जागेवर शून्य लिहितो, तो हार्ड डिस्कला चालतो. 'रीसेट धिस पीसी' करताना ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा वेगळा पर्याय असतो, तो स्वतःहून चालू नसतो, चालू करावा लागतो.

एमआयटीत शिकणाऱ्या सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट या दोघांनी २००० ते २००२ दरम्यान १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. १२९ चालू निघाल्या, त्यांपैकी नीट पुसलेल्या फक्त १२. नागपूरला सीताबर्डीवरून जुने सीपीयू आणून विकणारा कोणीही सांगेल की आपल्याकडचा हिशोबही काही फार वेगळा नाही.

पोलिसांनी सीपीयू नेला अन् आम्ही आधीच पुसलेलं असलं तं?

रोजची सफाई आणि नोटीस आल्यावरची सफाई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोर्टात पुरावा म्हणून हजर करायची वेळ येऊ शकते अशी नोंद, ती हजर होऊ नये या हेतूनं नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वर सांगितलंच, पुसल्याची वेळ मशीन स्वतःच सांगतं. प्रयोगशाळेत मूळ डिस्कला हात न लावता तिची हुबेहूब प्रत काढून तपासतात, त्यामुळे हे तपशील शाबूत राहतात. नोटीस, तक्रार, माहिती अधिकाराचा अर्ज, काहीही आलं असेल तर मशीनला हात लावू नका, वकिलाला भेटा. 'अर्जंट पुसून द्या' म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही. दुप्पट पैसे देणाऱ्याचं तर मुळीच नाही.

मंग तुमी सोता काय करता?

पुसण्यावर भरवसा ठेवत नाही, कुलपावर ठेवतो. मशीन नवीन असतानाच, ग्राहकाची एकही फाइल यायच्या आधी, अख्ख्या ड्राइव्हला बिटलॉकर लावतो, म्हणजे किल्लीशिवाय काहीच वाचता येऊ नये असं विंडोजचं कुलूप. मग लघुचित्रं, पेजफाइल, शॉर्टकट, जर्नल, सगळं त्या कुलपाच्या आतच जमा होतं. मशीन बंद असताना चोरीला गेलं तर चोराच्या हाती नुसता गोंधळ. विकायच्या वेळी किल्ली नष्ट केली की काम बरंचसं झालं. विंडोजच्या होम आवृत्तीत बिटलॉकर पूर्ण नसतो. तिथं सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन दिसतं का बघा, नाहीतर असंच कुलूप लावणारं व्हेराक्रिप्ट फुकट आहे.

जुन्या, वापरातल्या मशीनवर बिटलॉकर लावत असाल तर तो विचारतो, फक्त वापरलेली जागा की पूर्ण ड्राइव्ह? घाईत लोक पहिला पर्याय घेतात. त्यात आधी डिलीट केलेला मजकूर कुलपाबाहेरच राहतो. पूर्ण ड्राइव्ह घ्या. ४८ अंकी रिकव्हरी किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा. ती हरवली तर तुमचा डेटा तुम्हालाही भेटणार नाही, आणि त्यात मी काही करू शकणार नाही.

बाकी साधंच. ग्राहकांच्या कामाला विंडोजचा वेगळा यूजर, व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद, सगळी स्कॅन एकाच फोल्डरात, आणि शटर ओढण्याआधी तो फोल्डर नि डाउनलोड रिकामे. अर्जाची पावती ठेवतो, कागदपत्रं नाही. परत लागली तर ताई पुन्हा घेऊन येतात. थोडी कुरकुर करतात, पण आणतात.

डिस्क खराबच झाली, चालूच होत नाई. भंगारात देऊ?

देऊ नका, आधी फोडा. चालू होत नाही म्हणजे बरेचदा वरचा बोर्ड गेलेला असतो, आतल्या चकत्या ठणठणीत असतात. चुंबक फिरवून काही होत नाही. वेल्डिंगवाल्याकडं ड्रिल असतं, त्याच्याकडून चकत्यांतून आरपार तीन-चार भोकं पाडून घ्या. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये चकती बरेचदा काचेची असते, ती फुटून कण उडतात, तेव्हा डोळ्यावर चष्मा हवाच. एसएसडीत मात्र मधोमध भोक पाडून भागत नाही, आतला बोर्ड कधीकधी खोक्याच्या निम्माच असतो आणि भोक रिकाम्या जागेतून जातं. खोकं उघडून प्रत्येक काळी चिप फोडा. आणि दुकानातल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्येही एक हार्ड डिस्क असते, तिचाही नंबर यातच लावा.